अभिजात मोटारींची अस्सलता

संग्राह्य ठरलेली एखादी जुनी मोटार ज्या नावाने, ज्या सालची आणि ज्या पूर्वेतिहासाची म्हणून ओळखली जाते, तीच ती आहे किंवा कसे, या प्रश्नास अभिजात मोटारींची अस्सलता असे म्हणतात. हा प्रश्न संग्राहकांच्या हौसेपुरता मर्यादित नाही. मोटारीची किंमत प्रामुख्याने तिच्या इतिहासावर ठरत असल्याने वर्णनातील चूक ही विक्रेता, दलाल, लिलावगृह आणि क्वचित दुरुस्ती करणारा कारागीर यांच्यावर कायदेशीर दायित्व आणू शकते. या विषयावरील सर्वांत अधिक चर्चिला गेलेला न्यायनिर्णय इंग्लंडमधील असून तो 'ओल्ड नंबर वन' या बेंटली मोटारीसंबंधी १९९० साली दिला गेला.

संज्ञा व पार्श्वभूमी

मराठीतील 'अस्सल' हा शब्द मूळ, मुळारंभ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासात 'अस्सल' आणि 'नक्कल' ही जोडी नेहमी वापरली जाते. कागदाच्या बाबतीत हा भेद तुलनेने सोपा असतो, कारण एकदा लिहिलेला कागद सहसा बदलत नाही. मोटारीचे तसे नाही. ती झिजण्यासाठीच बनलेली असते. टायर, ब्रेक, गाद्या, रंग, पत्रा, पिस्टन हे सारे कालांतराने बदलावे लागते. शर्यतीच्या गाडीत तर एका हंगामात इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल बदलणे ही नित्याची बाब होती. त्यामुळे 'सर्व भाग मूळचे' हा निकष काटेकोरपणे लावला, तर वापरात राहिलेली जवळजवळ कोणतीही जुनी मोटार अस्सल ठरणार नाही. आणि निकष अगदी सैल केला, तर जुन्या पट्टीवर बांधलेली नवी गाडीही अस्सल ठरेल. या दोन टोकांमध्ये रेषा कोठे ओढावयाची, हाच सगळ्या वादांचा गाभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बराच काळ जुन्या शर्यती-मोटारींना फारशी किंमत नव्हती. कित्येक गाड्या मोडीत गेल्या, कित्येकांचे सुटे भाग काढून दुसऱ्या गाड्यांना बसविण्यात आले. पुढे किमती वाढल्या आणि जे भाग भंगारात पडले होते त्यांभोवती नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या. एका गाडीची चासी एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे आणि कारखान्याची नंबरपट्टी तिसऱ्याकडे गेली असेल, तर तिघेही मूळ गाडी आपलीच असे म्हणू शकतात. एकाच चासी क्रमांकाच्या दोन गाड्या जगात असणे ही या क्षेत्रात सर्वश्रुत गोष्ट आहे.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, अर्थात 'फिव्हा', १९६६ साली स्थापन झाला. या महासंघाने २०१२ साली 'तोरिनो सनद' स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी पूर्वी तयार झालेल्या तत्त्वांचा आधार घेऊन ही सनद परिरक्षण, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांत भेद करते आणि जुन्या गाडीत कमीत कमी हस्तक्षेप करावा, केलेला हस्तक्षेप नोंदवून ठेवावा, असे सुचविते. आपल्याकडील 'जीर्णोद्धार' ही कल्पना याहून निराळी आहे. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुने दगड बदलले तरी देवस्थान तेच राहते, असे आपण मानतो. संग्राहकांच्या बाजारात मात्र चकचकीत जीर्णोद्धार झालेल्या गाडीपेक्षा रंग उडालेली, गाद्या फाटलेली पण अस्पर्श गाडी अनेकदा अधिक मोलाची ठरते.

ओळख कशावरून ठरते

मोटारीची ओळख सांगणाऱ्या खुणा अनेक असतात: चासीवर पंच केलेला क्रमांक, इंजिन व गिअरबॉक्सवरील क्रमांक, कारखान्याची धातूची पट्टी, बॉडी बांधणाऱ्या कारागिरांची नोंद, नोंदणीपुस्तिका, विक्रीच्या पावत्या, शर्यतींची छायाचित्रे. अमेरिकेत कारखान्यातून निघतेवेळचे इंजिन आणि चासी यांचे क्रमांक एकमेकांशी जुळणे याला फार महत्त्व दिले जाते. याच कारणाने जुना क्रमांक घासून काढून हवा तो क्रमांक पुन्हा पंच करण्याचा धंदाही तेथे फोफावला. सतरा अक्षरांची एकसमान वाहन ओळख क्रमांकाची पद्धत अमेरिकेत १९८१ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांना प्रत्येक कारखान्याची आपापली क्रमांकपद्धती असल्याने तपासणाऱ्याला त्या त्या कारखान्याच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात. आकड्यांचे वळण, त्यांमधील अंतर, ठोकणीची खोली, भोवतालच्या पत्र्यावरील वेल्डिंगच्या खुणा यांवरून जाणकार अनुमान बांधतात.

कागदपत्रे आणि धातू यांची साक्ष नेहमी जुळतेच असे नाही, आणि ती न जुळण्यामागे दरवेळी लबाडी असतेच असेही नाही. शर्यतींच्या संघांना सीमाशुल्काची कागदपत्रे विशिष्ट चासी क्रमांकाच्या गाडीसाठी मिळत असत. ती गाडी आयत्या वेळी नादुरुस्त झाली, तर तिची पट्टी दुसऱ्या गाडीवर लावून सीमा ओलांडली जाई. म्हणजे घोळ कारखान्यानेच घातलेला असे आणि त्याचा निवाडा पन्नास वर्षांनी न्यायालयात होई.

छायाचित्रे आणि आठवणीही दगा देऊ शकतात. बेंटली कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी मार्च १९३० मध्ये फ्रान्समधील 'ब्लू ट्रेन' या आगगाडीशी पैज लावून कान ते लंडन हा प्रवास मोटारीने केला. ती मोटार म्हणजे गर्नी नटिंग यांनी बांधलेली उतरत्या छताची डौलदार कूपे, असे कित्येक दशके मानले गेले. तिची चित्रे निघाली, तिच्या नावावर आख्यायिका रचल्या गेल्या. परंतु ती कूपे बार्नाटो यांच्या ताब्यात पैजेनंतरच आली होती. पैजेत त्यांनी चालविलेली गाडी मल्लिनर यांच्या बांधणीची साधी सलून होती. येथे कोणी कोणास फसविले नव्हते. देखणी गाडी लोकांना अधिक शोभून दिसली, इतकेच.

ओल्ड नंबर वन

'ओल्ड नंबर वन' ही बेंटली कंपनीची 'स्पीड सिक्स' प्रकारची, साडेसहा लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडर इंजिनाची शर्यती-मोटार. तिचा नोंदणी क्रमांक एमटी ३४६४ असा होता. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत तिने लागोपाठ दोन वर्षे जिंकली. १९२९ साली बार्नाटो आणि टिम बर्किन, तर १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन हे तिचे चालक होते. १९३१ साली बेंटली कंपनी आर्थिक संकटात सापडून रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. तरीही ही गाडी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर धावत राहिली आणि त्याच वर्षी तेथील पाचशे मैलांची शर्यत तिने जिंकली.

पुढल्या वर्षी तिला आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत ती कलत्या धावपट्टीच्या कडेवरून खाली कोसळली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाले. त्यांचे बंधू जॅक डन्फी हे त्या शर्यतीतील त्यांचे सहचालक होते. अपघातानंतर बार्नाटो यांनी गाडी पुन्हा बांधून घेतली आणि तिला रस्त्यावर चालविण्याजोगी बंद कूपेची बॉडी दिली. त्यानंतर ती अनेक हातांतून फिरली आणि तिची बॉडी पुन्हा बदलली.

एप्रिल १९९० मध्ये तिच्या तत्कालीन मालकाने ती मिडलब्रिज सिमिटर या कंपनीस विकण्याचा करार केला. ठरलेली किंमत एक कोटी पौंड होती. नंतर खरेदीदार कंपनीने माघार घेतली. ल माँ जिंकणारी गाडी हीच आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात त्या गाडीचे यात जवळजवळ काहीही उरलेले नाही, असे तिचे म्हणणे होते. विक्रेत्याने करारपालनासाठी दावा लावला. 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर' या नावाने ओळखला जाणारा हा खटला इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे चालला आणि जुलै १९९० मध्ये त्याचा निकाल लागला.

न्यायालयाला प्रथम वस्तुस्थिती ठरवावी लागली, आणि ती खरेदीदाराच्या तक्रारीस बळ देणारी होती. १९२९ च्या विजयी गाडीतील पेडल-शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच भाग टिकले असावेत, असे न्यायमूर्तींना आढळले. १९३२ च्या रूपातील गाडी मात्र, बॉडीतील बदल वगळता, बरीचशी शिल्लक होती. एवढ्यावरून निकाल खरेदीदाराच्या बाजूने जाईल असे वाटणे स्वाभाविक होते.

न्यायमूर्तींनी मात्र वेगवेगळ्या विशेषणांचा अर्थ निरनिराळा लावला. कारखान्यातून निघाली तशीच, त्याच भागांसह राहिलेली गाडी म्हणजे 'मूळ' गाडी. त्या अर्थाने ओल्ड नंबर वन मूळ नव्हती. परंतु ती जुन्या सुट्या भागांतून नव्याने उभी केलेली गाडीही नव्हती. तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नव्हते. प्रत्येक टप्प्यावर आलेला नवा भाग आधीच्या गाडीत मिसळून गेला, आणि हे इतक्या कालावधीत व अशा गतीने घडले की गाडीने आपली ओळख कधीच गमावली नाही. त्या ओळखीत ल माँच्या दोन विजयांचाही समावेश होता. या नावावर व कीर्तीवर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही बेंटली अस्तित्वात नव्हती आणि यापूर्वीही नव्हती. विक्रीला होते ते केवळ लोखंड नव्हते, त्यासोबतचा इतिहास आणि लौकिकही होता. म्हणून ती 'अस्सल' आणि 'ओल्ड नंबर वन' या नावास पात्र आहे, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला.

या निर्णयाची तुलना ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या गलबताशी नेहमी केली जाते. फळ्या एकेक करून बदलत गेलेले ते गलबत तेच की दुसरे, असा तो प्रश्न. भारतीय वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण पाली भाषेतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आढळते. भिक्षू नागसेन राजा मिलिंदास विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचा आस काय, चाके काय, जू काय? राजा प्रत्येकास नकार देतो. मग रथ हे नाव भागांच्या संयोगावर आधारलेला व्यवहारातील संकेत आहे, असे नागसेन त्याच्याकडून वदवून घेतो. न्यायमूर्ती ऑटन यांनी त्या व्यवहारी नावाला काळाची अखंडता हा आणखी एक आधार दिला. तत्त्वज्ञान म्हणून यात नवे फारसे नाही. परंतु एक कोटी पौंडांचा व्यवहार ज्यावर अवलंबून आहे असे उत्तर देण्याची सक्ती नागसेनावर नव्हती, न्यायालयावर होती.

निर्णयावर टीकाही झाली. अखंडतेचा निकष लावल्यास मोटारीचा एकही मूळ भाग शिल्लक नसताना ती अस्सल ठरू शकते, आणि उलट कुठल्याशा कोठारात पडून राहिलेली खरी चासी 'अखंड इतिहास नाही' म्हणून बाद होऊ शकते, हा त्यातील प्रमुख आक्षेप आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही त्यानंतरच्या वादांत दोन्ही बाजू आपापल्या गाडीचा इतिहास कोठेही तुटला नाही किंवा तुटला आहे, हेच सिद्ध करण्याच्या मागे लागलेल्या दिसतात; या क्षेत्राची भाषा या निकालाने घडविली, हे मान्य करावे लागते.

वर्णन, हमी आणि विक्रेत्याचे दायित्व

इंग्लिश कायद्यात 'खरेदीदाराने सावध असावे' हे जुने तत्त्व आहे. परंतु वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी गर्भित अट १८९३ च्या मालविक्री कायद्यापासून चालत आली असून ती १९७९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये कायम आहे. जुन्या मोटारींच्या संदर्भात या तत्त्वाचा अर्थ काही साध्यासुध्या, स्वस्त गाड्यांच्या खटल्यांतून स्पष्ट झाला. संग्राहकांच्या मूल्यवान गाड्यांनाही आज तेच नियम लागतात.

१९५७ च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध झालेल्या 'ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स' या खटल्यात एका खाजगी मालकाने आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून व्यापाऱ्यास दिली. नोंदणीपुस्तिकेत तसेच लिहिले होते, पण ती नोंद पूर्वी कोणीतरी बदललेली होती. गाडी प्रत्यक्षात १९३९ ची निघाली. व्यापाऱ्याने २९० पौंड मोजले होते, खरी किंमत १७५ पौंड होती. अपील न्यायालयाने मालकाचे विधान हमी मानले नाही. मालकाला पुस्तिकेपलीकडे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि व्यापाऱ्याला ते तपासण्याची साधने होती. याउलट १९६५ च्या 'डिक बेंटली प्रॉडक्शन्स विरुद्ध हॅरॉल्ड स्मिथ' या खटल्यात व्यापाऱ्याने एका बेंटलीविषयी, इंजिन व गिअरबॉक्स बदलल्यापासून ती वीसच हजार मैल चालली आहे, असे सांगितले होते. ते खोटे ठरले. येथे सांगणारा जाणकार होता आणि शोध घेणे त्याच्या हाती होते. म्हणून त्याचे शब्द हमी ठरले. दोन्ही निकाल एकत्र वाचल्यास सूत्र असे निघते की, माहिती असण्याची अपेक्षा ज्याच्याकडून करता येते त्याच्यावर शब्दाचे ओझे अधिक पडते.

तिसरा खटला ओळखीच्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष रंजक आहे. १९६७ च्या 'बील विरुद्ध टेलर' या प्रकरणात १९६१ ची ट्रायम्फ हेरल्ड म्हणून जाहिरात दिलेली गाडी १६० पौंडांना विकली गेली. खरेदीनंतर उघड झाले की ती दोन वेगळ्या गाड्यांचे अर्धे भाग वेल्डिंगने जोडून तयार केलेली होती. मागचा भाग १९६१ चा, पुढचा त्याआधीच्या गाडीचा. विक्रेता व्यापारी नव्हता आणि त्यालाही याची कल्पना नव्हती. खरेदीदाराने गाडी पाहूनच घेतली होती. तरीही न्यायालयाने ही वर्णनावरून झालेली विक्री मानून नुकसानभरपाई मंजूर केली. विक्रेत्याचा प्रामाणिकपणा येथे बचाव ठरला नाही.

कला-वस्तूंच्या खटल्यांचाही आधार मोटारींच्या वादांत घेतला जातो. 'लीफ विरुद्ध इंटरनॅशनल गॅलरीज' या १९५० च्या खटल्यात कॉन्स्टेबलचे म्हणून घेतलेले चित्र त्याचे नाही, हे पाच वर्षांनी कळले. एवढ्या विलंबानंतर व्यवहार रद्द करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. गाडी ताब्यात आल्यावर तिची तपासणी टाळणाऱ्या संग्राहकास हा निकाल जड जातो. १९६७ च्या दुर्व्यपदेशन कायद्याने मात्र खरेदीदाराचे हात काहीसे बळकट केले. चुकीचे विधान आपल्याला खरे वाटण्यास वाजवी आधार होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने विधान करणाऱ्यावर टाकली आहे.

ओल्ड नंबर वननंतर वीस वर्षांनी पुन्हा एक बेंटली न्यायालयात आली. 'ब्रूअर विरुद्ध मान' या प्रकरणात एका गाडीस '१९३० ची स्पीड सिक्स' म्हणता येते काय, आणि तसे म्हणणे ही विक्रेत्याची हमी होती काय, हे प्रश्न होते. खालच्या न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने दिलेला निर्णय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. स्पीड सिक्स हे नाव चासीमुळे लाभते, इंजिनामुळे की दोहोंच्या संयोगामुळे, यावर तज्ज्ञांचे एकमत नसणे हे अशा खटल्यांचे नेहमीचे दुखणे आहे.

लिलाव

लिलावगृह हे सामान्यतः विक्रेत्याचे अभिकर्ता असते. सूचीतील वर्णन हे मत आहे, खरेदीदाराने स्वतः खात्री करून घ्यावी, अशा आशयाची कलमे बहुतेक सूचींत छापलेली असतात. अशी कलमे दायित्व मर्यादित करतात, पण ते पूर्णपणे पुसून टाकतातच असे नाही. लौकिकाची हानी तर त्यांनी टळत नाही. याच धास्तीने क्रिस्टीज या लिलावगृहाने फेब्रुवारी २००७ मध्ये पॅरिस येथील लिलावातून ऑटो युनियनची 'डी' प्रकारची एक शर्यती-मोटार मागे घेतली. तिच्याशी जोडलेला शर्यतींचा इतिहास तिचाच आहे काय, याविषयी संशोधनातून शंका निर्माण झाल्या होत्या. लिलावापूर्वी माघार घेणे हा शहाणपणाचा मार्ग होता.

शर्यतीत भाग घेण्यासाठी दिली जाणारी तांत्रिक पारपत्रे अनेकदा अस्सलतेचा पुरावा म्हणून पुढे केली जातात. गाडी विशिष्ट कालखंडाच्या तांत्रिक नियमांत बसते, एवढेच ती सांगतात. तिच्या इतिहासाची ग्वाही ती देत नाहीत.

मालकी व चोरी

गाडी अस्सल असूनही विक्रेत्याची नसेल, तर पेच अधिकच गंभीर होतो. 'रोलंड विरुद्ध डिव्हॉल' या १९२३ च्या खटल्यात चोरीची निघालेली मोटार काही महिने वापरल्यानंतरही खरेदीदारास संपूर्ण किंमत परत मिळाली, कारण ज्यासाठी पैसे दिले ती मालकी त्याला मिळालीच नव्हती. अमेरिकेतील मिलवॉकी येथून २००१ साली चोरीस गेलेली १९३८ ची ताल्बो-लागो ही थेंबाच्या आकाराची दुर्मीळ मोटार पुढे दुसऱ्या संग्राहकाकडे आढळली. चोरीला बराच काळ लोटल्याने दावा मुदतबाह्य ठरतो, हा नव्या धारकाचा बचाव विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला आणि गाडी परत मागण्याचा दावा चालू राहू दिला.

अस्सलता आणि मालकी हे दोन्ही प्रश्न एकत्र आले की गुंता किती वाढतो, हे फेरारी ३७५ प्लस या गाडीच्या प्रकरणात दिसले. अमेरिकेतील एका मालकाकडून चोरीस गेलेली ही गाडी युरोपात पोहोचली. तिचे काही भाग अमेरिकेतच राहिले. म्हणजे 'गाडी' नेमकी कोठे आहे, याचेच उत्तर सरळ नव्हते. २०१४ साली गुडवुड येथील लिलावात ती एक कोटी पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली आणि लगेचच लंडनच्या न्यायालयात दावे उभे राहिले.

प्रतिकृती

प्रतिकृती बांधणे सर्वत्र बेकायदा नाही. प्रतिकृतीस मूळ म्हणून विकणे मात्र फसवणूक आहे. अडचण दुसऱ्या किंवा तिसऱ्या हस्तांतरणात येते. पहिला मालक ती प्रतिकृती म्हणूनच विकतो, कागदपत्रे हरवतात आणि पुढचा मालक तिला मूळ समजू लागतो. प्रतिकृतीच्या आकारावर मूळ निर्मात्याचा हक्क सांगता येतो काय, हा अलीकडचा वाद आहे. इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने २०१९ मध्ये फेरारी २५० जीटीओ या मोटारीस कलाकृतीचे संरक्षण मिळू शकते, असे मानून तिच्या प्रतिकृतींना मनाई केली.

ब्रिटनमध्ये वाहन नोंदणी खात्याने पुष्कळ फेरबदल झालेल्या गाडीची ओळख ठरविण्यासाठी दीर्घकाळ गुणपद्धती वापरली. चासीला पाच गुण, निलंबन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनास एक. किमान आठ गुण मिळाल्यास जुना नोंदणी क्रमांक टिकत असे. ज्या इंजिनावरून संग्राहक लाखो पौंडांचे दावे लढतात त्यास या गणितात सर्वांत कमी मोल होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नोंदणीतील ओळख आणि बाजारातील अस्सलता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

भारतातील स्थिती

भारताचा मालविक्री अधिनियम, १९३० हा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला असल्याने वर उल्लेखिलेल्या इंग्लिश निकालांतील तर्क भारतातही उपयोगी पडतो. कलम १४ नुसार विक्रेत्यास विकण्याचा अधिकार असला पाहिजे, कलम १५ नुसार माल वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि कलम २७ नुसार मालक नसलेल्याकडून घेणाऱ्यास सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही. खोट्या विधानावर आधारलेला करार भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे रद्द करता येतो. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. कपट झाले असल्यास ती कपट उघड झाल्यापासून मोजली जाते. जाणूनबुजून केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार हौशी खरेदीदारास मिळू शकतो. पुनर्विक्रीसाठी गाड्या घेणारा मात्र त्या कायद्याच्या व्याख्येतील 'ग्राहक' ठरत नाही.

संस्थानिकांच्या मोटारींच्या बाबतीत वर्णनाचा मोह विशेष असतो. 'अमुक महाराजांची' एवढे शब्द जोडले की किंमत चढते. संस्थाने विलीन झाल्यानंतर अशा अनेक गाड्या विकल्या गेल्या, काहींच्या बॉडी बदलल्या, काहींना मिळेल ते देशी इंजिन बसवून चालत्या ठेवल्या गेल्या. सुटे भाग मिळत नसताना मेस्त्रींनी हातांनी घडविलेले भाग आज त्या गाड्यांच्या इतिहासाचाच एक थर बनले आहेत. ते काढून परदेशी भाग बसविल्याने गाडी अधिक अस्सल होते की कमी, यावर संग्राहकांत मतभेद आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. इंजिन बदलले आणि आरसी बुकात नोंद केली नाही, तर संग्राहकाचा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीस पात्र आहेत. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांखेरीज ही वाहने रस्त्यावर आणता येत नाहीत. व्यावसायिक वापरास बंदी आहे. 'मूळ स्वरूप' हे शब्द या नियमांत असल्यामुळे, जो प्रश्न इंग्लंडमध्ये दोन धनिकांच्या करारातून न्यायालयापुढे आला, तो येथे नोंदणी अधिकाऱ्यापुढे अर्जाच्या वेळीच उभा राहतो.

विक्रीनंतर नोंदणीचे हस्तांतरण न करणे ही संग्राहकांत नेहमी आढळणारी हयगय आहे. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून भरपाईस जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. गाडी विकून तिचे पैसे खर्च करून झालेल्या जुन्या मालकालाही हा नियम लागू होतो.